चांदीचा डावा डोळा

त्याचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच ते सुखानं पडून होतं. गावात सगळे त्याला सुटेभाग म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. टेकडीची चढण जिथे सुरू होते तिथे त्याचं दहा बाय बाराचं दुकान होतं आणि त्या दुकानात माणसाचा प्रत्येक अवयव पत्र्याचा मिळत असे. गुडघा, कोपर, कान, मनगट, पाऊल, अर्धा पाय, अख्खा पाय. टेकडीवरच्या आईला लोक नवस बोलत, की माझा गुडघा बरा कर, तुला गुडघा वाहीन. बरं वाटलं की खाली येऊन पत्र्याचा गुडघा घेत आणि बऱ्या झालेल्या गुडघ्यानं टेकडी चढून तो वाहून येत. काही घाईची माणसं बरं वाटायच्या आधीच वाहून मोकळी होत, म्हणजे आईला टाळाटाळ करता येत नाही.

दुकान वडिलांचं, हातोड्या वडिलांच्या आणि साचेही वडिलांचेच. लोखंडाच्या ठोकळ्यात आकार खोदलेला असे. त्यावर पत्रा ठेवायचा, शिशाच्या गोळ्यानं ठोकून खोबणीत बसवायचा, सोडवून पालथा करायचा, की झाला कान तयार. यात एकच मेख होती. खोबणीतला आकार आणि पत्र्यावरचा आकार एकमेकांच्या उलटे असतात. उजवा कान हवा तर साच्यात डावा खोदावा लागतो. सुटेभागला हे सातव्या वर्षी वडिलांनी शिकवलं होतं आणि नीट लक्षात राहावं म्हणून त्याचाच कान पिरगाळून शिकवलं होतं.

काउंटर बायको सांभाळायची. ती होती म्हणून दुकान होतं, कारण सुटेभागला बोलायचा कंटाळा आणि आजारी माणसाला तर बोलायलाच हवं असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आधी विचारायची, "डावा की उजवा?" मग म्हणायची, "तुमचा डावा सांगा, समोरून दिसतो तो नको." मग ती त्याची सगळी दुखणी ऐकून घ्यायची, आणि सुटेभाग मागे बसून ठोकठोक करत असायचा, म्हणजे त्याला ऐकू येऊ नये.

तरी त्याच्यापर्यंत काही प्रकरणं पोहोचतच. एकाला जठर हवं होतं. सुटेभागनं डॉक्टरी पुस्तकात बघून पखालीसारखं हुबेहूब जठर केलं, तर तो म्हणाला, हे माझं नव्हे, माझं पोट गोल आहे. शेवटी त्याला गोल ढेरी करून दिली, वर बेंबीसकट. एका बाईला नवऱ्याची जीभ वाहायची होती. नवऱ्याच्या जिभेला काय झालंय म्हणून विचारलं तर म्हणाली, काही झालं नाही हाच त्रास आहे. मूळव्याधीची माणसं तर दुकानात येऊन भिंतीवरचे कान बघत उभी राहत, घसा खाकरत, पुन्हा कान बघत. त्यांच्यासाठी सुटेभागनं पत्र्याचं एक छोटं स्टूल बनवलं होतं. बायको काही न विचारता ते कागदात गुंडाळून देई आणि म्हणे, आईला कळतं. ती माणसं इतक्या कृतज्ञतेनं बघत, की निम्मं दुखणं तिथेच कमी होत असावं.

सुटेभाग स्वतः मात्र कधी टेकडी चढला नव्हता. देवावर त्याचा विश्वास होता की नाही, हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. तो म्हणायचा, आई आहे की नाही ते आईलाच ठाऊक, पण डावं-उजवं आपण चुकवता कामा नये. असलीच तर तिनं कोणता गुडघा बरा करायचा? वर न जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. वर ज्यांचा गुडघा अजून दुखतोय अशी माणसं भेटतील आणि आपल्याला धरतील, याची त्याला धास्ती होती. कारागीर समोर दिसला की लोकांना तक्रारी आठवतात, हे त्याचं ठाम मत होतं.

अशी सत्तावीस वर्षं गेली आणि बायकोच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

दोन वर्षं तिनं तो कुणाला कळू दिला नाही. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणाली, तर सुटेभागनं दिवा बदलला. मग तिनं एकदा साखर समजून चहात मीठ घातलं आणि सुटेभागनं तो चहा मुकाट्यानं पिऊन टाकला, इतकं त्याचं लक्ष. शेवटी ती दुकानाच्या पायरीवरून पडली तेव्हा तिला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. डावा डोळा फार दिवस अंगावर काढलाय, बिंदू पिकून टणक झालाय, आता लगेच काढायला हवा, आणि काढतानाही सोपं नाही. उजव्यानंही तिला धूसरच दिसायचं. म्हणजे डाव्याचं काही बरंवाईट झालं, तर बाई जवळजवळ आंधळीच होणार होती. 

बायको घाबरली होती, पण ती घाबरली की अटी घालते. ती म्हणाली, "आईला डोळा वाहिल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही."

सुटेभागनं तत्काळ भिंतीवरून एक डावा डोळा काढला.

"तो नको. तो कुणाचाही आहे."

"अगं, डोळा तो डोळा. सत्तावीस वर्षं लोक हेच नेतायत."

"लोकांचं लोकांपाशी. माझा डोळा माझ्यासारखा हवा, आणि चांदीचा हवा."

सुटेभाग दिवसभर गाल फुगवून बसला. चांदीची अडचण नव्हती. एक पातळ पत्रा त्यानं वेळप्रसंगाला ठेवला होताच. प्रश्न साच्याचा होता. त्यानं जन्मात नवा साचा खोदला नव्हता. वडिलांनी सगळे अवयव आधीच करून ठेवले होते आणि माणसाला गेल्या पन्नास वर्षांत नवा अवयव फुटला नव्हता. पण बायको हट्टाला पेटली होती आणि ऑपरेशनची तारीख आठवड्यावर आली होती.

मग तीन दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्यानं तिला खिडकीशी स्टुलावर बसवलं, स्वतः ठोकळा आणि छिन्नी घेऊन समोर बसला आणि तिच्या डोळ्याकडे बघू लागला. आधी दोघांनाही अवघड झालं. तिला हसू यायचं, मग याला राग यायचा. मग तिनं तोंड बंद ठेवायचं कबूल केलं आणि तो कामाला लागला. तिची भुवई नाकाजवळ जाड होती आणि कानाकडे जाताना निमुळती होत एकदम वर उडत होती, जणू सदा कुणाला तरी जाब विचारतेय. पापणीला मधोमध एक दुमड होती. आणि खालच्या पापणीच्या कडेला एक बारीकसा तीळ होता.

"हा तीळ कधी आला?" त्यानं विचारलं.

"लग्नाच्या आधी," ती म्हणाली.

सुटेभागनं गुपचूप तीळ खोदला. त्या तीन दुपारी तो इतका रंगून गेला, की दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली आणि तिसरं स्वतःच भिंतीवरून मनगट काढून घेऊन गेलं. साचा तयार झाल्यावर त्यानं आधी साध्या पत्र्याचा एक नमुना काढला, तो खिशात टाकला, आणि मग चांदी ठोकली. डोळा असा उतरला होता, की तो बायकोच्या हातात देताना सुटेभागची मान विनाकारण ताठ झाली. तिनं तो बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला, आणि छान झालाय म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती शेजारणीचा हात धरून टेकडीवर गेली आणि तो वाहून आली. सुटेभाग नेहमीप्रमाणे पायथ्याशी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघं दवाखान्यात हजर झाली. नर्सनं बायकोला हिरवा झगा घातला, डाव्या भुवईच्या वर शाईनं बाण काढला आणि आत बसवलं. तिचा तिसरा नंबर होता. सुटेभाग बाहेरच्या बाकावर बसला. शेजारी एक सलूनवाला होता; त्याचा स्वतःचा डावा डोळा कालच झाला होता आणि तो पट्टी सोडवायला आला होता. वेळ जाईना म्हणून, आणि थोडं कौतुक करून घ्यावं म्हणूनही, सुटेभागनं खिशातला पत्र्याचा नमुना काढून त्याला दाखवला. बायकोचा डोळा आहे म्हणाला. सलूनवाल्यानं वा वा केलं, आणि गंमत म्हणून तो पत्रा आपल्या डाव्या डोळ्याच्या पट्टीवर धरून सुटेभागकडे तोंड केलं.

सुटेभागनं बघितलं. भुवईचं जाड टोक सलूनवाल्याच्या कानाशी होतं आणि निमुळतं टोक नाकावर चढलं होतं.

सलूनवाल्यानंही पत्रा हातात घेऊन न्याहाळला. तीस वर्षं माणसांच्या तोंडावर वस्तरा फिरवलेला माणूस तो. म्हणाला, "मालक, हा उजवा आहे."

सुटेभागनं पत्रा ओढून घेतला. बायकोकडे बघून, जसं दिसलं तसं, त्यानं थेट साच्यात खोदलं होतं. उलटं करायचं राहून गेलं होतं. सात वर्षांच्या पोरानं करू नये अशी चूक पन्नाशी उलटलेल्या माणसानं केली होती, आणि तीही आयुष्यात स्वतःच्या घरासाठी केलेल्या एकुलत्या एका कामात. वर आईच्या समोर उजवा डोळा टांगलेला होता आणि इथे अर्ध्या-पाऊण तासात बायकोच्या डाव्या डोळ्यात सुरी जाणार होती.

तो आधी नर्सकडे धावला आणि कोणता डोळा करणार म्हणून विचारलं. नर्स म्हणाली, डावा.

"कुणाचा डावा?"

"म्हणजे?"

"तिचा डावा की समोर उभं राहिल्यावर तुमचा?"

नर्सनं आत डोकावून बाण जागेवर असल्याची खात्री केली आणि त्याला पाणी प्यायला सांगितलं. त्यानं पाणी प्यायलं नाही. तो दाराबाहेर पडला आणि टेकडीच्या दिशेनं पळत सुटला.

आता पळत सुटला म्हणणं हे सुटेभागचा मान राखणं झालं. बसून काम करणारा माणूस. चाळीस पायऱ्यांवर त्याचा श्वास संपला आणि पायऱ्या होत्या दोनशे दहा. शंभराव्या पायरीला त्याला वाटलं, आता आपल्यालाही एक फुप्फुस वाहावं लागणार, आणि त्याचा साचा वडिलांनी केलेला नाही.

वर देवळात एक म्हातारी बसलेली असे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळे तिला किल्लीवाल्या आजी म्हणत. लोकांनी वाहिलेले अवयव मूर्तीमागच्या जाळीला तारेनं बांधणं हे तिचं काम. सुटेभागनं धापा टाकत आपण कोण ते सांगितलं, आणि आजीचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्हीच ते. बरं झालं भेटलात. तुमच्या कानांची भोकं बारीक असतात, तार जात नाही. आणि गुडघ्यांच्या कडा घासत जा जरा. माझी बोटं बघा."

सुटेभागनं बोटं बघितली, माफी मागितली, भोकं मोठी करायचं वचन दिलं आणि कालचा चांदीचा डोळा बदलायचाय म्हणून सांगितलं. आजी एकदम गंभीर झाली. वाहिलेली वस्तू परत मिळत नाही, हा नियम तिच्या आजीपासून चालत आला होता. उद्या कुणी येईल आणि म्हणेल, गुडघा पुन्हा दुखायला लागला, माझा पत्रा द्या.

सुटेभाग काकुळतीला आला. त्यानं साचा, खोबणी, पालथा पत्रा, भुवई, सलूनवाला, बाण, सगळं एका दमात सांगितलं. आजीला त्यातलं बायको आणि डोळा एवढंच कळलं असावं. पण सांगता सांगता त्याचं त्यालाच काहीतरी सुचलं. पातळ पत्र्याचा आकार दोन्ही बाजूंनी दिसतो. पुढून जो उजवा, तो मागून बघितला तर डावा. फक्त फुगीरच्या जागी खोलगट.

"परत नको," तो म्हणाला. "नुसता उलटा करा. पाठ पुढे करून बांधा."

आजीनं विचार केला. उलटा करणं म्हणजे परत देणं नव्हे, हे तिला पटलं. पण तिनं अट घातली, की हात ती लावेल, त्यानं लावायचा नाही. दोघं मूर्तीमागे गेली. जाळीवर सुटेभागनं ठोकलेले सातआठशे डोळे रांगेनं बांधलेले होते आणि सगळेच्या सगळे त्याच्याकडे बघत होते. आजी पहिल्या रांगेपासून एकेक डोळा निरखू लागली. त्या वेगानं बायकोचं ऑपरेशनच काय, डॉक्टरीणबाईंची पेन्शनही सुरू झाली असती. पण सुटेभागला डोळा लांबूनच सापडला. इतक्या डोळ्यांत तीळ एकालाच होता.

आजीनं तार सोडली, डोळा पालथा केला आणि पुन्हा बांधला. आता तो खरोखरच डावा होता, पण डोळ्याच्या जागी वाटी दिसत होती.

"असा खोल गेलेला चालेल का?" सुटेभागनं भीत भीत विचारलं.

"आजारी माणसाचे डोळे खोलच जातात," आजी म्हणाली. "तुम्ही आजवर सगळे डोळे उगाच टवटवीत करून पाठवलेत."

तेव्हा सुटेभागनं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मूर्तीकडे तोंड केलं. मागायला बरंच काही होतं, पण त्याला नीट काही जमेना. "तिचा डावा," तो एवढंच म्हणाला. "तिचा. समोरून दिसतो तो नाही."

खाली आला तेव्हा बायकोला आत नेऊन वीस मिनिटं झाली होती. त्यानं हिशेब केला. म्हणजे पहिली दहा मिनिटं आईचं लक्ष उजव्यावर होतं, पुढची दहा डाव्यावर. दहा मिनिटांत डोळ्याचं काय काय होऊ शकतं, हे तो बोटांवर मोजू लागला. सलूनवाला पट्टी सोडवून कधीच निघून जायला हवा होता, पण तो मुद्दाम थांबला होता. त्यानं सुटेभागला बाकावर बसवलं आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. आणखी अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बिंदू फार चिवट होता, मध्ये थोडी अडचण आली, पण निघाला, म्हणाल्या. दिसतंय का ते उद्या पट्टी सोडल्यावर कळेल. अडचण कितव्या मिनिटाला आली, असं सुटेभागनं विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

ती रात्र दोघांनाही लांब गेली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, थेंब घातले, उजवा डोळा झाकायला सांगितला आणि बोटं वर धरली.

"किती?"

बायकोनं डोळा किलकिला केला. सुटेभाग कॉटच्या पायथ्याशी दांडा धरून उभा होता, आणि तिला नाहीच दिसलं तर आपण काय बोलायचं, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.

"तीन," ती म्हणाली. "आणि बाई, तुमच्या अंगठीचा खडा हलतोय. वेळेवर बसवून घ्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. सुटेभागला एकदम रडू आलं, ते लपवायला तो खाली वाकून चप्पल शोधू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा उत्तम झालाय, पण उजव्यातही बिंदू धरलाय, तो सहा महिन्यांनी करून टाकू. सुटेभाग खालूनच म्हणाला, काही काळजी करू नका, मी उजवा आधी करून ठेवतो, चांदीचाच करतो.

"कशाला?" बायको म्हणाली. "उजवा देऊन झालाय की."

सुटेभाग सावकाश उभा राहिला. डॉक्टरीणबाई पुढच्या कॉटकडे गेल्या होत्या.

"तो काल सकाळी मी वर जाऊन उलटा टांगून आलो," तो म्हणाला. "आता तो डावा आहे."

बायकोला जे हसू फुटलं, त्यानं कॉट करकरायला लागली. नर्स धावत आली, डोळ्यावर ताण येतो, हसायचं नाही म्हणाली, आणि सुटेभागकडे असं बघितलं, की हा कालचाच माणूस हे तिनं ओळखलंय याबद्दल शंका उरली नाही. बायकोनं पदर तोंडात धरला. ती शांत व्हायला बराच वेळ लागला.

"तुला ठाऊक होतं?" सुटेभागनं विचारलं.

"हातात घेतला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? एवढं जिवावरचं ऑपरेशन, आणि चुकीचा डोळा वाहून आलीस?"

"आईला सांगितलं होतं मी, हा उजवा झालाय, पण तू माझा डावा बघ म्हणून." तिनं पदर नीट केला. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तो वितळवून वडिलांच्या साच्यावर नवा ठोकला असता. तीन दुपारी तुम्ही माझ्याकडे बघत होतात. सत्तावीस वर्षांत एवढं कधी बघितलं नव्हतंत. तो डोळा मला तसाच हवा होता."

 सुटेभागनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर येऊन बसला.